पालकमंत्री साहेब, महिन्याअखेरचे दिवस आमच्या वहीत आहेत

मा. पालकमंत्री, बेळगाव जिल्हा, यांस
सादर नमस्कार.

मी वडगावात किराणा दुकान चालवते. सासऱ्यांनी काढलेलं, दहा बाय बाराचं. दोन घरं सोडून माग चालतात, त्यांच्या खडखडाटातच आमचं शटर उघडतं. गिऱ्हाईक म्हणजे विणकर, धुणंभांडी करणाऱ्या बायका आणि उद्यमबागच्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरं.

मोठी स्टोअर बंद करा असं सांगायला मी लिहीत नाही. माझी सख्खी नणंद दर महिन्याला तिथं जाते आणि मी तिला कधी बोल लावला नाही. तिथं उजेड आहे, माल हातात घेऊन उलटापालटा करता येतो, किंमत वाचून परत ठेवला तरी कुणी काही म्हणत नाही. आमच्याकडे गल्ल्यापुढं उभं राहून मागावं लागतं, मागं चार माणसं ऐकत असतात. बाईमाणसाला तिथं मोकळं वाटतं, हे मलाही कळतं. जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचं तिकीट लागत नाही, त्यामुळे येळ्ळूर-धामण्याच्या बायकाही शहरात येऊन महिन्याचा बाजार एकदम भरून नेतात. पूर्वी त्या रविवार पेठेत, गणपत गल्लीत जायच्या.

माझं दुखणं वेगळं आहे. मागच्या महिन्यातली एक संध्याकाळ सांगते.

एक विणकर बाई आली. घराकडंच निघाली होती, हातात स्टोअरची भरलेली पिशवी. वर तांदळाचं पाच किलोचं पाकीट, साबणाच्या वड्या, पोरासाठी बिस्किटं. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत घरच्या बाईला दर महिन्याला मिळणारे दोन हजार त्या दिवशी जमा झाले होते. म्हणाली, "अक्का, दहाची मोहरी दे, पाचचं जिरं दे. आणि मागचं राहिलंय ते शनिवारी देतो की गं." मी पुडी बांधली आणि वहीत तिचं पान काढलं. मागचे सहाशे चाळीस होते, खाली पंधरा लिहिले. तिची नजर वहीवर नव्हती, पिशवीकडंही नव्हती. तिला लाज वाटत होती आणि मलाही.

तिची चूक नाही. रोख पैसा हातात आला की जिथं चार रुपये वाचतात तिथं माणूस जाणारच. पण साहेब, रोखीचा बाजार तिकडं गेला आणि उधारीचा तेवढा माझ्याकडं राहिला, तर उधारी मी कशाच्या जोरावर देऊ? पंधरा तारखेपर्यंतच्या रोख विक्रीतूनच विसाव्या तारखेची उधारी निघते. किराण्याचं गणित एवढंच आहे. त्यातला एक पाय काढून घेतला की दुसऱ्यावर उभं राहता येत नाही.

ऑगस्ट 2019 च्या पुरात इथं घरांत पाणी शिरलं, माग भिजले, कितीतरी दिवस कुणाला मजुरी नव्हती. पुढं मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. दोन्ही वेळेला या गल्लीच्या चुली वहीवर पेटल्या. तेव्हा आधार कार्ड मागितलं नाही, व्याज लावलं नाही. काहींचे पैसे अजून यायचे आहेत, आणि ते मी मागणार नाही. स्टोअरच्या यंत्राला असं थांबता येत नाही, आणि कंपनी कितीही मोठी असली तरी तिचा भरवसा नसतो. 2001 मध्ये सुरू झालेलं बिग बझार देशभर पसरलं होतं. 2022 मध्ये ते चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली.

आता दराचं. एका कपडे धुण्याच्या पावडरीचं पाकीट वितरक मला ज्या भावानं देतो, त्याहून कमी भावानं ते स्टोअरच्या फळीवर असतं. मी स्वतः जाऊन पाहिलंय. गिऱ्हाईक मला म्हणतं, "अक्का, तू जास्त लावतेस." मी बिल काढून दाखवते तेव्हा त्याला पटतं, पण रोज कुणाकुणाला दाखवू? मोठी दुकानं कंपनीकडून थेट गाड्या भरून माल उचलतात, पैसे लवकर चुकते करतात, म्हणून त्यांना सूट मिळते. मी सहा पाकिटं घेते. मी बेइमान नाही, माझी खरेदी लहान आहे.

यावरचा उपाय आपल्याच मातीतला आहे. 1905 साली गदगजवळच्या कणगिनहाळमध्ये शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभी केली, देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. एकट्याला जे जमत नाही ते दहाजणांनी मिळून करायचं, हे आपल्या भागाला शिकवावं लागत नाही. वडगाव, शहापूर, खासबाग, अनगोळ इथल्या लहान किराणा दुकानदारांची एकत्र खरेदी करणारी सहकारी संस्था हवी. तिला एपीएमसी यार्डात परवडणाऱ्या भाड्यानं एक गोदाम आणि सुरुवातीच्या खेळत्या भांडवलाला सरकारची हमी, एवढंच मागणं आहे. अनुदान नको. कंपनीशी भाव करायला आम्ही पुरेसे आहोत, फक्त एका ठिकाणी उभं राहायला जागा द्या.

त्या गोदामात इथला बासमती तांदूळही ठेवता येईल. येळ्ळूर-धामण्याच्या शिवारातला शेतकरी दोन पोती घेऊन आमच्या दारात येतो. स्टोअरला दोन पोती चालत नाहीत, त्यांना गाडीभर एकसारखा माल लागतो. शिवाय छापील बंद पाकिटातल्या तांदळावर जुलै 2022 पासून पाच टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. आमच्या बायकांना हे कुणी सांगतच नाही.

आणखी एक. शेजारच्या आजी स्टोअरमधून आणलेलं पाकीट माझ्याकडं घेऊन येतात, "तारीख बघ गं, औषधासारखं बारीक लिवलंय." त्यांना इंग्रजी येत नाही, कन्नड वाचता येत नाही. भाषेचा वाद मला इथं आणायचा नाही. माझ्या दुकानात मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही रोज चालतात आणि कधी भांडण झालं नाही. पण ज्या भागात मराठी माणसं एवढी राहतात, तिथल्या स्टोअरमध्ये किमतीची पाटी मराठीतही लावा, असं आपण सुचवू शकता.

आम्ही बावीस दुकानदारांनी अर्ज लिहून सह्या केल्या आहेत. एका कचेरीत गेलो, तिथून दुसरीकडं पाठवलं, तिथून तिसरीकडं. दुकान बंद ठेवून फिरायला रोज जमत नाही. अर्ज कुणाकडं द्यायचा ते आपल्या कार्यालयातून कुणी कळवलं, तर सोमवारी सकाळी आम्ही तो घेऊन येऊ.

आपली,
वडगावातील एक किराणा दुकानदार