जेवलीस का, आणि कुणाबरोबर

व्हिएन्ना, बुधवार रात्र

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

रविवारी फोनवर आईनं विचारलं, "एवढ्या मोठ्या हॉटेलात तू एकटीच बसून जेवतेस? कसंतरी वाटत नाही का गं? लोक बघत असतील." मी "काही नाही गं" म्हणून विषय टाळला, कारण मागं बाबांची बातम्यांची वेळ झाली होती आणि टीव्हीच्या आवाजात आईला निम्मं ऐकूच येत नव्हतं. म्हणून हे पत्र. बाबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. मधलं काही गाळायचं नाही.

आधी बाबांनाच विचारते. हळदीच्या कामानं तुम्ही निजामाबादला जायचात, इरोडला जायचात, हंगामात तर आठ-आठ दिवस तिकडंच. लॉजवर उतरायचं आणि खाणावळीत जेवायचं, तेही एकट्यानं. घरातल्या कुणी कधी विचारलं का, की तुमच्या घशाखाली घास कसा उतरतो म्हणून? उलट तुम्ही परत आलात की इरोडच्या केळीच्या पानाचं वर्णन आम्ही ऐकत बसायचो, रसम कितीदा वाढलं इथपर्यंत. तुमचं जेवण एकट्याचं होतं हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मी पंप बसवून चालू करून द्यायला चार देश फिरते, तर आईला पहिला प्रश्न हाच पडतो. आई, मी रागानं लिहीत नाहीये. पण हे एकदा लिहायचंच होतं.

मी बाहेर एकटीनं पहिल्यांदा खाल्लं ते आपल्या सांगलीतच, कॉलेजात असताना. स्टँडजवळच्या एका हॉटेलात मिसळ खायला शिरले. रस्त्याकडेचं टेबल रिकामं होतं, तिकडं वळले तर गल्ल्यावरनं मालक म्हणाला, "ताई, आत फॅमिली रूममध्ये बसा." प्लायवूडचं खोपट, मळका पडदा, टेबलावर आधीच्यांचे उष्टे ग्लास. माणूस वाईट नव्हता, त्याच्या परीनं तो माझी काळजीच घेत होता. पण पडद्याआड कुणी बसलंय हे पोऱ्या विसरून गेला आणि पाव मागायला मलाच मान बाहेर काढावी लागली. मान बाहेर आली की सगळं हॉटेल माझ्याकडं बघायचं.

हे मला जपानात आठवलं. तिकडं एकट्यानं जेवणारा माणूस कुणाच्या खिजगणतीत नसतो, कारण निम्मं गिऱ्हाईकच तसलं. स्टेशनात उभ्यानं खायची दुकानं असतात. दारातल्या यंत्रात पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी येते ती काउंटरवर द्यायची. दोन मिनिटांत सोबाचा वाडगा समोर, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया आणि गरम रस्सा. रश्शाला सुक्या माशाचा अर्क असतो, त्यामुळं शुद्ध शाकाहारी माणसाचे हाल होतात. आपलं तसं काही नाही म्हणून निभावलं. सुटाबुटातली माणसं शेजारी उभी राहून फुर्र फुर्र ओढतात आणि पाच-सात मिनिटांत गाडी पकडायला पळतात. बसायचं हॉटेल असलं तर बाहेर काचेच्या कपाटात प्रत्येक पदार्थाची प्लास्टिकची हुबेहूब प्रतिकृती मांडलेली असते. बोट दाखवलं की झालं, भाषा यायला नको. बसल्यावर हात पुसायला ओला रुमाल देतात, आणि कित्येक ठिकाणी पर्स ठेवायला खुर्चीखाली वेताची टोपली सरकवतात. ही टोपली मला फार आवडली. एकट्या बाईची पर्स म्हणजे मांडीवरचं ओझंच असतं, ती कुणाला सांभाळ म्हणणार? टिप ठेवायची पद्धत नाही, त्यामुळं निघतानाचा हिशोबही नाही.

फुकुओकातून सुरू झालेलं इचिरान नावाचं रामेनचं, म्हणजे रश्शातल्या शेवयांचं, दुकान आहे. तिथं प्रत्येक खुर्चीच्या दोन्ही बाजूंना फळ्या आणि समोर बांबूचा छोटा पडदा. वाडगा ठेवणाऱ्याचे नुसते हात दिसतात आणि पडदा खाली येतो. रस्सा डुकराच्या हाडांचा, म्हणून मी फक्त बघून आले. पण मनात आलं, पडदा इथंही आहेच की. फरक एवढाच, की तो बाई-पुरुष सगळ्यांना सारखा, आणि पडद्याआडच्या माणसाला आणखी शेवया हव्या असतील तर मान बाहेर काढावी लागत नाही.

सिंगापूरचं बाबांना आवडेल. तिथं हॉकर सेंटर म्हणून मोठ्या शेडमध्ये गाडे एकत्र बसवलेले असतात. ती सगळी खाद्यसंस्कृती २०२० साली युनेस्कोच्या यादीत गेली. एकट्यापुढं अडचण अशी, की जागा धरली तर जेवण कोण आणणार, आणि जेवण आणायला गेलं तर जागा जाते. लोक टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवून खुशाल रांगेत उभे राहतात, आणि त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. आपण एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकतो तसंच, फक्त इथं त्यावरनं भांडण होत नाही. ताट मात्र आपलं आपण उचलून ठेवायचं, नाहीतर दंड.

सगळीकडं असं सुखाचं नसतं. स्पेनमध्ये पाएया हा त्यांचा प्रसिद्ध भात बऱ्याच ठिकाणी किमान दोघांसाठीच करतात. एकटीनं मागितला की वेटर मान हलवतो. कोरियात टेबलावरच मांस भाजून खायच्या हॉटेलांत तेच, दोन प्लेटच्या खाली घेत नाहीत. एका शहरात तर खिडकीकडची चार टेबलं मोकळी असताना मला संडासाच्या दाराशी बसवलं. मी सरळ म्हटलं, ते टेबल द्या. दिलं की त्यानं निमूट. आपण तेवढं बोलत नाही म्हणून लोकांचं फावतं.

पण त्याच स्पेनमध्ये दुपारचं एक ठरीव जेवण मिळतं, 'मेनू देल दिया'. पहिली ताटली, दुसरी ताटली, पाव, पेय आणि शेवटी गोड नाहीतर कॉफी, सगळं एका किमतीत. साठच्या दशकात सरकारनंच पर्यटकांसाठी हॉटेलांना हे ठेवायला लावलं, आता गावातले कामगारच जास्त खातात. आपल्या राईस प्लेटवाल्यांनी एकदा जाऊन बघावं. तिकडं रात्रीची जेवणं नऊनंतर सुरू होतात, म्हणून मी दुपारीच पोटभर जेवते आणि रात्री काहीतरी हलकं खाऊन खोलीवर जाते.

आईच्या पोटातली खरी भीती ही रात्रीचीच, हे मला कळतं. म्हणून सांगते. रात्री राहत्या हॉटेलापासून चालत दहा मिनिटांच्या पलीकडं जात नाही. भिंतीला पाठ आणि दाराकडं तोंड करून बसते. खोलीचा नंबर चारचौघांत मोठ्यानं सांगत नाही. ग्लास टेबलावर सोडून उठत नाही. कुणी फारच गप्पा मारायला लागलं तर "नवरा येतोच आहे" असं ठोकून देते, हे जावईबापूंना ठाऊक आहे.

आणि इथं व्हिएन्नात तर एकटं बसणं हाच रिवाज. कॉफीहाऊसमध्ये वर्तमानपत्रं लाकडी दांडीत अडकवून ठेवलेली असतात, हवं ते उचलायचं. कॉफीबरोबर छोट्या तबकात पाण्याचा ग्लास येतो, ग्लासवर पालथा चमचा. एका कॉफीवर दोन तास बसा, बिल मागितल्याशिवाय कुणी आणत नाही. आज कायझरश्मारन खाल्लं. गोड जाड घावन तव्यातच फाडून तुकडे करतात, वर पिठीसाखर, बाजूला प्लमचा मुरंबा. एकटीला जरा जास्त होतं. तरी मी सगळं संपवलं, कारण "तुला नको असेल तर मी घेऊ का" म्हणणारं समोर कुणी नव्हतं. आई, शेजारच्या टेबलावर तुझ्याच वयाची एक बाई टोपी शेजारच्या खुर्चीवर ठेवून केक खात होती. मधेच पेपरातलं काहीतरी वाचून स्वतःशीच हसली. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. मीच बघत होते.

आई, आता तुझं. मंगळवारी तू गणपतीला जातेस, बाबा तुला सोडून पेठेत मित्राच्या दुकानात गप्पा मारत बसतात, आणि तू देवळाबाहेर चपला घालून उन्हात त्यांची वाट बघत उभी राहतेस. येत्या मंगळवारी उभी राहू नकोस. जवळच्या हॉटेलात जा, पंख्याखाली बस आणि डोसा मागव. पैसे तुझ्याच पर्समधले. बाबा, तुम्ही तिला शोधत आत यायचं नाही, बाहेर थांबायचं. हा परिच्छेद दोनदा वाचा. मालकानं आत बसायला सांगितलंच, तर आईनं म्हणायचं, "इथंच बरं आहे."

बाकी तब्येत ठीक. बाबांच्या बीपीच्या गोळ्या महिनाअखेरीस संपतील, आधीच आणून ठेवा. भडंग पाठवू नका, इथं कस्टमची कटकट होते.

इथलं घड्याळ सध्या आपल्या मागं साडेतीन तास आहे. मी आठला जेवायला बसते तेव्हा सांगलीत साडेअकरा वाजलेले असतात. "जेवले" असा मेसेज मी रोज टाकीन, पण तो सकाळी उठल्यावर बघायचा. आईनं त्यासाठी जागायचं नाही, आणि ती जागली तर बाबांनी मला कळवायचं.

तुमची,
मनू