वसतिगृहाच्या नियमपुस्तिकेत वॅटचा हिशेबही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की विद्यापीठांच्या वसतिगृहांत खोलीच्या किल्लीबरोबर नियमपुस्तिका हातात पडते आणि शेवटच्या पानावरच्या हमीपत्रावर विद्यार्थी व पालक सह्या करून मोकळे होतात. पुस्तिका वाचली तरी 'सक्त मनाई आहे' यापलीकडे तीत फारसे काही सापडत नाही. मनाई कशासाठी, मर्यादा किती आणि त्याऐवजी सोय कोणती, हे लिहिलेले नसते. मग थंडीच्या पहिल्याच सकाळी नियम मोडतो.

विजेच्या उपकरणांचेच घ्या. 'खोलीत रॉड, किटली, इंडक्शन वापरू नये' हे वाक्य बहुतेक पुस्तिकांत असते. पण जुन्या इमारतींत खोलीतला ६ अँपिअरचा सॉकेट दिवे-पंख्यांच्याच सर्किटवर असतो आणि अशा सर्किटचा रूढ हिशेब १० पॉइंट किंवा ८०० वॅट असा आहे. दोघांच्या खोलीत पंखा ७५, ट्यूब २०, दोन लॅपटॉप १३० आणि मोबाइलचे चार्जर ३५ वॅट धरले तर २६० झाले. अशा तीन खोल्या एका सर्किटवर असतील तर मर्यादा तिथेच गाठली. त्यात कोणी पाणी तापवायची १५०० वॅटची रॉड लावली की ती एकटीच साडेसहा अँपिअर ओढते. एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारी कळ) असेल तर ती पडते आणि मजला 'लाइट गेली' म्हणून ओरडतो. वास्तविक ती पडली म्हणजे तिने तिचे काम केले. खरी भीती किटकॅट फ्यूज (चिनी मातीच्या पकडीतला तारेचा फ्यूज) असलेल्या जुन्या विंगांची. तार वितळली की कोणीतरी हुशार मुलगा तिथे जाड तार गुंडाळतो. मग फ्यूज शाबूत राहतो आणि भिंतीतल्या पाइपमधली दीड चौरस मिलिमीटरची वायर तापत बसते. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डाची वायर तर त्याहून बारीक असते आणि बहुधा ती गादीखालून नेलेली असते.

रॉडचा दुसरा धोका शॉकचा. तिला थर्मोस्टॅट नसतो, पाणी खुणेच्या खाली गेले तरी ती तापत राहते आणि प्लास्टिकची बादली मऊ पडते. बटण चालू ठेवून पाण्यात बोट घालून पाहायची सवय तर घरूनच आलेली असते. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पाण्याला हात, एवढा क्रम पुस्तिकेत एका ओळीत मावतो. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ) बसवणे मात्र वसतिगृहाचे काम आहे, विद्यार्थ्याचे नव्हे.

मुले रॉड आणतात कारण गच्चीवरच्या सोलरचे गरम पाणी सकाळी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आंघोळीची १५ लिटरची बादली ४० अंशांची हवी आणि नळाचे पाणी २० अंश असेल तर ६० अंशांचे साडेसात लिटर पाणी पुरते. म्हणजे शंभर लिटरमध्ये तेराजणांची सोय होते. शंभरजणांसाठी गळती-तुटीसह हजार लिटरची टाकी आणि सुमारे २० चौरस मीटर पॅनेल धरावे. प्रत्यक्षात घोटाळा होतो तो पाइपात. गच्चीपासून तळमजल्यापर्यंतच्या उघड्या पाइपातले रात्रभर गार झालेले पाणी आधी बाहेर पडते, पहिले चारजण ते ओतून देतात आणि आठ वाजता शेवटच्याच्या वाट्याला पुन्हा गारच येते. पाइपावर उष्णतारोधक आवरण आणि जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांसाठी टाकीत बॅकअप हीटर, एवढे केले तरी रॉडची गरज बरीच कमी होईल. चहा, मॅगी आणि इस्त्रीसाठी प्रत्येक मजल्यावर १६ अँपिअरचे दोन पॉइंट स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरच्या वायरवर, प्रत्येकाला २० अँपिअरची एमसीबी लावून द्यावेत. मग खोलीतली किटली जप्त करायचा नैतिक अधिकार रेक्टरांना राहील.

'पॅरासाइट' म्हणजे खोली न मिळालेल्या मित्राला चटई टाकून ठेवण्याची प्रथा. दंडाने ती थांबलेली नाही. इमारतीतले पाणी माणशी रोज १३५ लिटर धरून आखलेले असते. ८० जणांच्या इमारतीत २५ पॅरासाइट राहिले की रोज ३,३७५ लिटर जादा लागते आणि टाकी दुपारीच खडखडते. आग लागली तर आत किती माणसे आहेत हे वहीवरून कळत नाही, ते वेगळेच. खोल्या कमी आहेत हे खरे, पण त्याचा भार मजल्यावरच्या इतरांनी का सोसावा?

मेसच्या खाड्यावरून, म्हणजे न जेवलेल्या दिवसांच्या वजावटीवरून, जेवढी भांडणे होतात तेवढी बहुधा कशावरूनच होत नाहीत. ठेकेदार धान्य-भाजी आदल्या दिवशीच्या डोक्यांवर घेतो, म्हणून आयत्या वेळी कळवलेला खाडा धरला जात नाही. आणि धरला तरी पूर्ण ताटाचे पैसे परत मिळत नाहीत, कारण गॅस आणि आचाऱ्याचा पगार एका माणसाने कमी होत नाही. वाचतो तो फक्त शिधा. हे पुस्तिकेत लिहा, कळवायची वेळ लिहा, किमान किती दिवसांचा खाडा धरणार ते लिहा आणि खाडेवही ठेकेदाराच्या गल्ल्यावर न ठेवता रेक्टरांच्या कार्यालयात ठेवा.

ढेकणांबद्दल पुस्तिका गप्प असतात. एका खोलीत फवारणी केली की ढेकूण शेजारच्या खोलीत जातात, म्हणून फवारणी सबंध विंगेत एकाच दिवशी हवी. अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही, तेव्हा १० ते १५ दिवसांनी दुसरी फेरी लागतेच. सुट्टीत खोली बंद ठेवल्याने ते मरत नाहीत, रक्ताशिवाय ते महिनोन्‌महिने तग धरतात. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुणे आणि खाटेचे सांधे उघडून औषध मारणे, ही कामे मात्र खोलीतल्यांनी हजर राहून करायची आहेत.

आता फाटकाची वेळ. मुलांचे फाटक रात्रभर उघडे आणि मुलींचे साडेआठ-नऊला बंद, हा प्रकार अजून बऱ्याच ठिकाणी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट म्हटले आहे की सुरक्षिततेचे कारण देऊन वसतिगृहात मुलींवर मुलांहून वेगळे, भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मुलींच्या वसतिगृहातली अभ्यासाच्या वेळेतली मोबाइलबंदी फेटाळली, तो निकालही याच अंगाने वाचण्याजोगा आहे. नोंदवहीत सही घेणे आणि कुलूप लावणे यांत फरक आहे.

रॅगिंगविषयी हमीपत्रे भरपूर भरून घेतली जातात. पण महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा केवळ विद्यार्थ्यांना बांधत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे आणि त्याने टाळाटाळ केली तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केले असे मानले जाते. गुन्हेगाराला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. १८००-१८०-५५२२ हा मदत क्रमांक पुस्तिकेच्या आत नको, स्वच्छतागृहाच्या दारावर हवा. तिथे तो एकट्याने वाचता येतो.

राहिली अनामत रक्कम. मोडतोडीचा दंड सगळ्या मजल्याकडून सारखा वसूल करण्याची पद्धत सोयीची असली तरी अन्यायाची आहे. तिचे मूळ ताबा घेताना यादी न होण्यात असते. खाट, गादी, टेबल, खुर्ची, कपाट व त्याचे कुलूप, पंखा, ट्यूब, खिडकीच्या काचा यांची यादी दोन प्रतींत करावी, तीवर 'आधीच तुटलेले' असा रकाना ठेवावा आणि एक प्रत विद्यार्थ्याला द्यावी. अनामत किती दिवसांत परत करणार तेही त्याच कागदावर लिहावे. कार्यालयाने यादी दिली नाही तर नव्या विद्यार्थ्यांनी सामान लावण्याआधी खोलीचे फोटो काढून ते त्याच दिवशी रेक्टरांना ईमेलने पाठवावेत, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

कळावे,
एक निवृत्त रेक्टर, पुणे