उत्तरांची फाइल वाचूनच वापरावी

संपादक महोदय,

अनेक संगणकांवर एकच ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची असेल, तर भाषा, कळफलक, वेळक्षेत्र, डिस्कचे विभाजन अशा प्रश्नांची उत्तरे एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवता येतात. विंडोजमध्ये ही फाइल ‘ऑटोअनअटेंड’ या नावाने पेनड्राइव्हवर सर्वांत वरच्या पातळीवर ठेवली की इन्स्टॉलर ती आपणहून उचलतो. डेबियन या लिनक्स प्रणालीत हेच काम प्रीसीड नावाची फाइल करते, रेड हॅट या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत किकस्टार्ट नावाची. वेळ वाचतो आणि सर्व यंत्रे एकसारखी राहतात, म्हणून ही पद्धत मला मनापासून आवडते.

चिंता वाटते ती कुणाचीतरी तयार फाइल न वाचता वापरण्याच्या सवयीची. विंडोजच्या फाइलमध्ये डिस्क क्रमांक शून्य पूर्ण पुसण्याची सूचना असेल आणि यंत्रात दोन डिस्क असतील, तर शून्य क्रमांक आपल्याला अपेक्षित असलेल्या डिस्कलाच मिळेल याची खात्री नसते. पुष्टी न मागता दुसऱ्याच डिस्कवरील सारा मजकूर नाहीसा होऊ शकतो. पासवर्डचेही तसेच. विंडोजच्या फाइलमध्ये तो अगम्य अक्षरांत दिसला, तरी ते निव्वळ रूपांतर असते, कूटबद्धीकरण नव्हे, आणि ते कुणालाही क्षणात उलटवता येते. (डेबियनमध्ये पासवर्डऐवजी त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड सहज मिळवता येत नाही असा अक्षरसंच, देता येतो, ही चांगली सोय आहे.)

संगणक विभाग सांभाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, अशी फाइल आधी आभासी यंत्रावर (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या नकली संगणकावर) चालवून पाहावी, तात्पुरता पासवर्ड पहिल्याच लॉगिनला बदलायला लावावा आणि काम झाल्यावर पेनड्राइव्हवरून ती काढून टाकावी.

आपला,
एक संगणक व्यवस्थापक