कॅन्सर पेशंटच्या घरी मराठीतला एक कागद द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात कॅन्सरवर मात केलेल्यांच्या मुलाखती येतात, वाचून बरं वाटतं, पण पेशंटला सांभाळणाऱ्याला रोज जे लागतं ते त्यात कधी नसतं म्हणून हे लिहितोय. माझ्या मिसेसला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. आम्ही चाळीसगावचे, ट्रीटमेंट मुंबईला. तिने कधी बिडी-सिगारेटला हात लावला नाही, मिसरी पण नाही, तरी भेटायला येणारा प्रत्येकजण आधी तेच विचारतो आणि मग माझ्याकडे बघतो (मी पण ओढत नाही). बरीच वर्षं चुलीवर स्वयंपाक केला, तो धूर पण एक कारण असू शकतो असं डॉक्टर म्हणाले, पण नक्की कशाने झालं ते कोणी सांगू शकत नाही. खोकला हटेना तेव्हा इथे आधी टीबीचं औषध सुरू झालं, थुंकीत काही सापडलं नव्हतं तरी, आणि त्यात महिने गेले. असो, त्यावर वेगळं पत्र होईल.

बायोप्सीनंतर ईजीएफआर टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे रोजच्या गोळीला दाद देणारा प्रकार निघाला, सिगारेट न ओढणाऱ्यांत हा जास्त सापडतो. मग जेफिटिनिबची गोळी आणि सोबत दर तीन आठवड्यांनी केमो. गोळी म्हटल्यावर नातेवाइकांना वाटलं चला, सोपं आहे. पण त्या गोळीने तोंडावर पुरळ येतं, जुलाब लागतात, नखांच्या कडा अशा सुजतात की भांडी घासायला पाण्यात हात घालवत नाही, आणि ही बाई तरीही घासायला बसते आणि वर मला म्हणते तुम्ही दुकान बघा, मी एकटी जाईन मुंबईला.

खरी पंचाईत घरी आल्यावर होते. ओपीडीत डॉक्टर चांगलं बोलतात, पण बाहेर एवढी गर्दी की पाच मिनिटांत अर्ध्या इंग्रजीत सांगितलेलं डोक्यावरून जातं, आणि फाइलवर लिहिलेलं फक्त मेडिकलवाल्याला कळतं. हिला जळजळ व्हायला लागली म्हणून इथल्या डॉक्टरांनी सकाळी घ्यायची ॲसिडिटीची गोळी दिली, सगळेच देतात, त्यांना दोष नाही. पुढच्या व्हिजिटला मुंबईत कळलं की पोटातलं ॲसिड कमी झालं की जेफिटिनिब अंगात नीट शोषलीच जात नाही! एवढं महत्त्वाचं, आणि ना आम्हाला माहीत ना इथल्या डॉक्टरांना. तापाचं पण तेच. केमोनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा ताप १००.४ च्या वर गेला तर ती इमर्जन्सी असते, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल गाठून सीबीसी आणि अँटिबायोटिक. हे मला कोणी सांगितलं तर वेटिंगमध्ये शेजारी बसलेल्या बुलढाण्याच्या एका काकांनी, त्यांच्या घरी हे होऊन गेलेलं. रेल्वेचं पण त्यांनीच सांगितलं, हॉस्पिटलचं सर्टिफिकेट असलं तर स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ आणि सोबतच्याला ७५ टक्के सवलत. तोपर्यंत आम्ही पूर्ण पैसे भरून जात होतो.

काका भेटले म्हणून ठीक, ज्यांना नाही भेटले त्यांनी काय करायचं?

माझं मागणं फार मोठं नाही. डिस्चार्ज देताना किंवा नवीन औषध सुरू करताना मराठीत एक कागद द्या. कोणतं औषध सोबत चालत नाही, किती ताप आला की निघायचं, अचानक दम लागला किंवा कोरडा खोकला वाढला तर त्याच दिवशी फोन करायचा (ही गोळी क्वचित फुफ्फुसालाच सूज आणते), पुढचा सीटी स्कॅन कधी, आणि रात्री खरंच उचलला जाईल असा एक नंबर. मागच्या बाजूला चार ओळी गावच्या डॉक्टरांसाठी. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, देशभरातली ३०० च्या वर हॉस्पिटलं आणि संस्था त्यात आहेत, उपचारांच्या गाइडलाइन्स ते सगळ्यांसाठी एकत्र बनवतात, तर असा कागद एकदा बनवून सगळीकडे वाटायला काय हरकत आहे? फुले योजनेतून लाखोंचा खर्च सरकार करतं, त्यात हा झेरॉक्सचा खर्च.

आणि अक्षर जरा मोठं ठेवा, चष्मा न सापडता रात्री दोन वाजता वाचता आलं पाहिजे.

आपला,
एक वाचक, चाळीसगाव (जि. जळगाव)