बक्षीस सगळ्या वर्गाला द्या

गोदाघाट स्वच्छतेच्या शालेय उपक्रमांत ‘सर्वाधिक कचरा गोळा करणाऱ्यास बक्षीस’ ही पद्धत बंद करावी, ही कळकळीची विनंती. रामकुंडाजवळ अशाच एका उपक्रमात शेजारच्या मुलीची गोणी फाटून निर्माल्य पायरीवर सांडले, तरी कुणी वाकले नाही. ज्याची त्याची नजर स्वतःच्या गोणीवर!

मुलांना दोष कसा देणार? मानसशास्त्रज्ञ ग्लिन हम्फ्रीज, जिए सुई आणि त्यांच्या सहकाऱ्याचा २०१२ मधला प्रयोग पाहा. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन यांपैकी एक आकार तुमचा, एक मित्राचा, एक परक्याचा, एवढेच लोकांना सांगितले. तेवढ्यावर ‘आपला’ आकार ते अधिक झटकन आणि अचूक ओळखू लागले. जास्त पैशांशी जोडलेल्या आकाराचेही तसेच झाले. ‘माझे’ म्हटले की लक्ष आधीच तिकडे ओढले जाते. त्यात वैयक्तिक बक्षिसाची भर आपण मोठी माणसे घालतो, हे मला खटकते.

बक्षीस जरूर ठेवा, पण ते स्वच्छ झालेली पायरी पाहून अख्ख्या वर्गाला मिळावे. सिंहस्थानिमित्त मुलांना घाटावर नेणाऱ्या शाळांनी आणि आयोजकांनी नियमावलीत एवढा बदल करावा.

— एक शिक्षिका, पंचवटी, नाशिक