मित्रास पत्र: जुना डी९० तुझ्यासाठी काढून ठेवलाय

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. एवढ्या वर्षांनी सलग बारा दिवसांची रजा मिळाली, तिकिटं झाली, आणि आता "कॅमेरा कुठला घेऊ, एका ओळीत सांग" म्हणतोयस. एका ओळीत नाही जमणार रे. मेसेजवर तुकड्यातुकड्यात सांगायला गेलो तर निम्मं राहून जाईल, आणि हा विषय माझ्यासाठी एवढा जवळचा आहे की अर्धवट सांगून मला झोप लागणार नाही, म्हणून निवांत पत्रच लिहायला बसलोय.

पण उत्तर आधी देऊन टाकतो. आत्ता नवीन काहीही घेऊ नकोस. माझा जुना निकॉन डी९०, म्हणजे आत आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा, आणि त्याची ३५ एमएम लेन्स घेऊन जा. परत आल्यावर आपण दोघं बसून ठरवू तुला काय हवंय ते, कारण ते तेव्हाच कळेल, आत्ता तुलाही माहीत नाहीये आणि मलाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या पहिल्या मोठ्या ट्रिपच्या आधी, अगदी आठवडाभर आधी, मी ७०-२०० एफ/२.८ ही लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घेतली होती. नुसती लेन्स दीड किलोची. सोबत १८-१०५ किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती, एक रुंद दृश्य घेणारी वाइड लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड, दोन चार्जर. पहिल्या दिवशी सगळं खांद्यावर मिरवलं, दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड खोलीत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी खांदा एवढा भरून आला की मी बॅग गाडीत ठेवून तसाच गावात हिंडायला गेलो. त्याच दुपारी पाऊस येऊन गेला, मग एकदम तिरपं ऊन पडलं, ओल्या दगडी पायऱ्या अशा काही चमकायला लागल्या, आणि वरून एक मुलगी लाल छत्री मिटत खाली येत होती. मी नुसता बघत उभा. गाडी दीड किलोमीटर लांब. तो न काढलेला फोटो मला अजून जसाच्या तसा दिसतो, काढलेले कित्येक विसरलोय.

घरी आल्यावर मी एक गोष्ट केली ती तूही कधीतरी कर. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा लिहून ठेवतो की कुठल्या फोकल लेंथला (लेन्सचा एमएमचा आकडा, मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), कुठल्या ॲपर्चरला (उजेड आत घेणारं भोक, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं), किती शटर स्पीडला (उजेड किती वेळ आत घेतला) काढला, त्याला एक्झिफ म्हणतात. मी माझ्या त्या ट्रिपच्या सगळ्या फोटोंची फोकल लेंथ काढून बघितली, आणि जे फोटो मला स्वतःला आवडले होते त्यातले बहुतेक ३० ते ५० च्या मधले निघाले! ज्या लेन्सने खांदा मोडला तिचे आवडलेले फोटो हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. म्हणजे ती लेन्स वाईट नव्हे हां, पक्षी काढणाऱ्याला किंवा स्टेजवरचा कार्यक्रम काढणाऱ्याला तिच्याशिवाय चालायचं नाही. मी तसं काही काढतच नव्हतो, आणि हे मला ती घेतल्यावर कळलं.

तेव्हा ३५ एमएम एफ/१.८ घेतली. दोनशे ग्रॅमची, मुठीत मावते. डी९० चा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान आहे, फुल फ्रेम ३६ बाय २४ मिमी आणि हा साधारण २४ बाय १६, त्यामुळे लेन्सच्या आकड्याला दीडने गुणायचं, त्याला क्रॉप फॅक्टर म्हणतात, आणि ३५ ची लेन्स ५२-५३ सारखी दिसते. म्हणजे समोरच्या माणसाशी आपण बोलायला जेवढं जवळ उभं राहतो, तेवढ्यातून त्याचा चेहरा, खांदे, हात सगळं नीट बसतं. झूम नाही म्हणून तू घाबरशील, दोन दिवस अडल्यासारखं वाटेलही, तिसऱ्या दिवशी पाय आपोआप पुढेमागे व्हायला लागतात आणि कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकट डोक्यात दिसते. ही गोष्ट मला अठरा-एकशेपाचने कधीच शिकवली नव्हती.

आणि उजेड! तो किनाऱ्यावरच्या वस्तीतल्या आजींचा फोटो आठवतो तुला, माझ्या भिंतीवर लावलेला? त्याची गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती बहुतेक. आजी दाराच्या आत बसून जाळं दुरुस्त करत होत्या. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेलं, हातात हिरवा नायलॉनचा दोरा, गाठ मारली की वाकून दाताने दोरा तोडायच्या. मी विचारलं, आजी फोटो काढू का, तर म्हणाल्या काढ की, पण मी काही थांबणार नाही. मग मी उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसलो. पहिली दहा मिनिटं फोटो काढलेच नाहीत, गप्पा मारल्या. किट लेन्स लावली असती तर तिथे एफ/४ ला शटर १/१५ सेकंद मिळत होता, त्यात हलणारे हात हमखास पुसट आले असते. ३५ ला एफ/२ ठेवला, दोन स्टॉप मिळाले, म्हणजे चौपट उजेड, म्हणून शटर १/६०. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ८०० वरच राहू दिला. मागे खोलीत काळोख होता आणि कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर काळोख दिसला की सगळंच उजळवायला बघतं, त्यामुळे पहिल्या फोटोत त्यांच्या कपाळाची एक बाजू पार पांढरी उडाली. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय, उणे एक केलं, मग जमलं. दाराकडून एका बाजूने येणारा उजेड, सुरकुत्यांवर हळूहळू उतरत गेलेला, आणि अंगठ्यात ताणलेलं ते जाळं.

नंतर त्यांना मागच्या स्क्रीनवर दाखवला. त्यांनी चेहरा बघितलाच नाही, म्हणाल्या हात मोठे करून दाखव. मी झूम केला. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कामाचे आहेत." एवढंच. पत्ता घेतला आणि घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात दोन प्रिंट पाठवल्या. तुलाही हे कळकळीने सांगतो, कुणाला फोटो पाठवतो म्हणालास तर पाठवच. माणसं वाट बघतात रे.

आता तू विचारलेलं मेगापिक्सेलचं. डी९० १२.३ मेगापिक्सेलचा आहे, २००८ चा, व्हिडिओ काढू शकणारा पहिला डीएसएलआर तोच. आजचे फोन आकड्यात त्याच्या कितीतरी पुढे गेलेत आणि म्हणून तुला तो कमी वाटतोय हे मला कळतं. पण हिशोब कर, ४२८८ बाय २८४८ पिक्सेल, इंचाला ३०० च्या हिशोबाने साधारण १४ बाय साडेनऊ इंचाची स्वच्छ प्रिंट निघते. आजींची प्रिंट त्याहून मोठी आहे आणि तू ती दोन फुटांवरून बघून गप्प झाला होतास. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तो ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागायचे, हे वाचल्यापासून मला तर बारा म्हणजे श्रीमंतीच वाटते.

फक्त एक कर, रॉ मध्ये काढ, म्हणजे सेन्सरने टिपलेलं सगळं जसंच्या तसं साठवणाऱ्या फाइलमध्ये. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, डी९० च्या १२ बिट रॉ मध्ये ४०९६. घरी येऊन सावल्या थोड्या उचलायच्या झाल्या, आकाश थोडं खाली आणायचं झालं तर या पायऱ्याच कामाला येतात. माझ्या डी९० ला भर उन्हात जरा जास्त उजळ फोटो द्यायची सवय आहे, तेव्हा उन्हात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ ठेव. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, ९६ टक्केच फ्रेम दिसते, म्हणजे तुला न दिसलेली विजेची तार कडेला फोटोत येणार, जरा जागा सोडून चौकट धर.

नवीन मिररलेसबद्दल, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याबद्दल, तू विचारलंस, माझ्याकडे आता आहेच तो, आणि मला आवडतो, खोटं कशाला बोलू. आरसा गेल्यामुळे लेन्स बसते ती कडी (माउंट) आणि सेन्सरमधलं अंतर निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या ४६.५ मिमीवरून नव्या झेड माउंटमध्ये १६ मिमीवर आलं, त्यामुळे जुन्या लेन्सा ॲडॉप्टरने लागतात, उलट होत नाही. फोटो काढायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये उजेड कसा येणार ते दिसतं, डोळ्यावर फोकस आपोआप बसतो. पण सतत स्क्रीन चालू म्हणून बॅटरी भराभर उतरते, आणि मेन्यू एवढा मोठा की मला सराव व्हायला दोन महिने लागले. तुझ्याकडे दोन महिने नाहीयेत. डी९० चं प्रत्येक महत्त्वाचं बटण बाहेर आहे, चार दिवसांत बोटांना पाठ होईल.

अजून एक, माझी एक पूर्ण पहाट ज्यात गेली ते. रात्रभर एसीच्या खोलीत कॅमेरा ठेवलेला, पहाटे साडेपाचला समुद्रावर गेलो, बॅगेतून काढला आणि पुढची काच क्षणात दुधासारखी पांढरी. गार काचेवर दमट हवेतली वाफ धरते. मी घाईघाईने पुसली, परत धरली, परत पुसली. तोपर्यंत पाण्यावरचा तो जांभळा-निळा उजेड, जो सूर्य उगवायच्या आधी थोडाच वेळ असतो, संपला. आता मी रात्रीच कॅमेरा पिशवीत नीट बंद करतो, बाहेर जायच्या तासभर आधी खोलीबाहेर ठेवतो, आणि त्याला बाहेरची हवा अंगवळणी पडू देतो, मगच पिशवी उघडतो. तूही तसंच कर. दमट जागी जाणार असशील तर बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाक, काचेत एकदा बुरशी धरली की ती निघता निघत नाही.

धुळीचंही तसंच. एका ट्रिपमध्ये मी वाऱ्यात उभं राहून लेन्स बदलली आणि सेन्सरवर एक कण बसला. एफ/२ ला काहीच दिसलं नाही, पण डोंगर काढताना एफ/१६ केलं आणि सगळ्या आकाशात एकाच जागी काळा ठिपका, चार दिवसांच्या प्रत्येक फोटोत. तुला एकच लेन्स देतोय त्यामुळे हा प्रश्नच यायचा नाही, तरी ब्लोअर बॅगेत ठेवतोय. तोंडाने कधीही फुंकर मारू नकोस, थुंकीचा बारीक शिंतोडा कणापेक्षा वाईट.

कार्ड ३२ जीबीच्या वरचं टाकू नकोस, या कॅमेऱ्याला एसडीएचसीपर्यंतचीच कार्डं चालतात. मी तुला १६ ची दोन देतो, रोज रात्री फोनवर किंवा लॅपटॉपवर उतरवून घे आणि उतरवलं तरी घरी येईपर्यंत कार्ड पुसू नकोस. माझं एक कार्ड परतीच्या दिवशी वाचायचंच बंद झालं होतं, पहिल्या तीन दिवसांचे फोटो वाचले ते केवळ आदल्या रात्री कॉपी केले होते म्हणून. विमानात जास्तीच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाहीत. आणि डोंगरात थंडी असेल तर जादा बॅटरी शर्टच्या आतल्या खिशात ठेव, गारठ्यात ती अर्धी झाल्यासारखी दाखवते आणि ऊब मिळाली की परत जागी होते.

ठिकाणांची यादी तू पाठवलीस ती बघितली. बारा दिवसांत एकोणीस जागा. त्यातल्या पाच-सहा काढून टाकशील का? मी मनापासून विनवतोय. प्रत्येक ठिकाणी दुपारी बाराला पोचलास तर बाराचंच ऊन मिळणार, डोळ्यांखाली काळ्या सावल्या आणि पांढरं आकाश. एका जागी एक मुक्काम जास्त कर, संध्याकाळी जाऊन बघ उजेड कुठून येतो, आणि सकाळी परत त्याच जागी जाऊन उभा राहा. आजींचा फोटो मला त्या वस्तीतल्या दुसऱ्या दिवशी मिळाला, पहिल्या दिवशी त्यांच्या दारावरून मी तीनदा गेलो होतो.

शनिवारी संध्याकाळी सगळं घेऊन येतो. बॅटऱ्या चार्ज केल्यात, पट्टा नवीन लावलाय, लेन्स कॅपला दोरा बांधलाय, कारण ती कुठेतरी ठेवून विसरायची सवय तुला मला दोघांनाही आहे. अंधार पडायच्या आधी तासभर तरी हाताशी ठेव. वहिनींना आत्ताच सांगून ठेव, पहिला फोटो त्यांचा काढायचाय, तू काढायचास, दारात बसवून, बाजूच्या उजेडात. मी शेजारी उभा राहीन, हात लावणार नाही.

तुझाच,
जुना मित्र