“नुस्तं (मासे) कधी सोडलंत?” असं बाबांना विचारणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडे येण्याआधी चार महिने आम्हाला सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येत होता, “कधी पडले?” बाबा पडलेच नव्हते. पायातली चप्पल निसटायची आणि ते तसेच पुढे जायचे. न्हाणीघरात तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून दार उघडं ठेवून मी बाहेर उभी राहायचे. कोणी वयावर ढकललं, कोणी साखरेवर.

तुम्ही त्यांना डोळे मिटायला लावलेत आणि पायाचा अंगठा हलवून विचारलंत, “वर की खाली?” बाबा तीनदा चुकले. घोट्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवलात, त्याची थरथरही कळली नाही. मग विचारलंत, “बाबा, नुस्तं कधी सोडलंत?” माळ घातली तेव्हा, बावीस वर्षं झाली. दूध कधीच आवडलं नाही, चहा कोरा. बी-१२ हे जीवनसत्त्व मिळतं ते मासे, दूध अशा पदार्थांतून. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी, तिनेही बी-१२ कमी होतं हे आम्हाला कुठे ठाऊक!

पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू मार न लागताही आजारी पडतो, हे तुम्ही कागदावर चित्र काढून समजावलंत. उतारवयात मानेचे मणके झिजून त्यावर दाब येतो. मणक्यांचा क्षयरोग, गाठ, रक्तपुरवठा तुटणं, आतली सूज यांनीही असंच होतं. म्हणून आधी एमआरआय, आणि सोबत बी-१२ ची तपासणी. पायांची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या तंतूंचं आवरण बी-१२ विना खराब होतं. आम्ही नुसतं फॉलिक ॲसिड देत होतो. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं, मज्जारज्जू मात्र बिघडतच राहतो, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तेव्हा तुम्ही मला दोष दिला नाहीत, त्याचे आभार वेगळे मानते.

बी-१२ ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरू झाली. बाबांनी भीत भीत विचारलं, “माळ उतरवावी लागेल?” तुम्ही म्हणालात, “माळ राहू दे. औषध मात्र चुकवायचं नाही.” त्या दिवशी घरी येऊन ते पोटभर जेवले.

उशीर झाल्यामुळे सगळं परत येईलच असं नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. तळवे अजून थोडे बधिर आहेत. पण गेल्या एकादशीला गोव्यातल्या साखळी गावी विठ्ठलाच्या देवळात ते कोणाचा हात न धरता गेले. आणि न्हाणीघराचं दार आता आतून लावून घेतात.

आपली कृतज्ञ,
एका माळकऱ्याची लेक